सिस्टर चिलेक्वांचा डावा पाय

झांबियातल्या लुआन्श्याच्या खाणवस्तीत प्रिस्का चिलेक्वांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी वस्तीच्या दवाखान्यात बाळंतपणं केली होती. बाजारात टोमॅटोचे ढीग लावून बसणाऱ्या बाया, टॅक्सी चालवणारे बाप्ये, चर्चमध्ये गाणारी निम्मी मंडळी त्यांच्याच हातांवर जगात आली होती. रस्त्याने जाताना त्यांना दहा पावलांमागे एकदा तरी थांबावं लागे. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी नाव तेच राहिलं.

नवरा, लॅझरस, खाणीत होता. तो गेल्यावर महिनाभर सिस्टर दोघांपुरतीच मक्याच्या पिठाची न्शिमा रांधत राहिल्या. हाताला मापच ते होतं. मग एकीपुरती रांधू लागल्या. आणि पुढे कधीतरी, एका माणसासाठी शेगडी पेटवायची, कोळसा लाल होईपर्यंत वारा घालायचा, मक्याचं पीठ घोटायचं, भोपळ्याचा पाला निवडायचा, शेंगदाणे कुटायचे, आणि शेवटी तळाला चिकटलेलं भांडं खरवडायचं, हे सगळं त्यांना डोंगराएवढं वाटायला लागलं. चहा सोपा होता. चहा, चार चमचे साखर आणि पाव. पोट भरायचं. निदान भरल्यासारखं वाटायचं.

साखरेचा आजार आहे हे त्यांना डॉक्टरने सांगावं लागलं नव्हतं. तहान आणि लघवी यांचा हिशेब त्यांनी स्वतःच जुळवला, स्वतःच जाऊन बोट टोचून घेतलं आणि सहा वर्षं गोळ्या नेमाने घेतल्या. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दवाखान्यात जायचं, व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसायचं, नंबर आला की गोळ्या घेऊन यायचं.

गेल्या फेब्रुवारीतल्या मंगळवारी पाऊस होता आणि व्हरांडा खचाखच भरला होता. दोन नर्स आणि समोर दीडशे माणसं. सिस्टर सकाळी सातला बसल्या त्या साडेदहापर्यंत बसूनच होत्या. मधेच त्यांना घाई लागली. संडासापुढे रांग होती. त्या उठल्या, रांग बघून परत बसल्या, थोडं थांबू म्हणाल्या. आणि बसल्या जागीच झालं. कमरेला गुंडाळलेलं हिरवं चितेंगे गरम झालं, मग गार झालं. शेजारी एक तरुण पोर तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. तिने फक्त मूल उचललं आणि वीतभर पलीकडे सरकली.

ते सरकणं सिस्टरांच्या काळजात रुतलं. त्या पोरीची आईसुद्धा त्यांच्याच हातची होती. त्यांनी पिशवीतलं दुसरं चितेंगे काढून वरून गुंडाळलं, छत्री उघडली आणि नंबर यायच्या आधीच घरी आल्या. पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत.

गोळ्या संपल्या. पहिले दोन महिने काहीच झालं नाही, म्हणजे तसं त्यांना वाटलं. मग थकवा आला. अंगणातल्या नळाला पाणी पहाटे पाच ते आठ एवढंच यायचं. बादली भरून चार पायऱ्या चढवणं जड जायला लागलं, तशी दोन बादल्यांची एक झाली. एका बादलीत चहा आणि तोंड धुणं भागायचं, अंघोळ भागायची नाही. मग अंघोळ एक दिवसाआड, मग रविवारी. चर्चला जायचं तर पांढरं ब्लाउज धुवायला हवं, डोक्याचं निळं फडकं इस्त्री करायला हवं. एका रविवारी त्या पलंगावर बसून त्या ब्लाउजकडे बघत राहिल्या आणि घंटा वाजून गेली. पुढच्या रविवारी बघितलंही नाही.

चर्चमधल्या बायका दोनदा आल्या. सिस्टर दारापर्यंत गेल्या, पण कडी काढली नाही.

“सर्दी झाली आहे मला,” त्या आतून म्हणाल्या. “तुम्हाला लागेल. जा.”

“प्रार्थना तरी करू द्या, सिस्टर.”

“बाहेरून करा. देवाला भिंत आडवी येत नाही.”

बाहेर हसू आलं, प्रार्थना झाली, पावलं निघून गेली. आपण अजून लोकांना हसवू शकतो म्हणजे ठीक आहोत, असं सिस्टरांना वाटलं.

मुलगी, ऑलिव्ह, सोल्वेझीला शाळेत शिकवायची. दर गुरुवारी फोन यायचा.

“मायो, जेवलात?”

“जेवले ना. पाल्याची भाजी, शेंगदाण्याचं कूट घालून. आणि थोडी सुकी कापेंटा मासळी.”

“तेल जास्त घातलं नाही ना?”

“मला शिकवतेस? मी तुझ्या शाळेतली पोर आहे का?”

ऑलिव्ह समाधानाने हसायची. फोन ठेवला की सिस्टर कपात उरलेला चहा प्यायच्या. भाजीचं वर्णन करता करता कधी कधी त्यांच्या तोंडाला खरंच पाणी सुटायचं, पण उठावंसं वाटायचं नाही.

जूनमध्ये तिथला हिवाळा सुरू झाला, थंडी पडली. त्यांनी बऱ्याच दिवसांनी शेगडी पेटवली, रांधायला नाही, शेकायला. खुर्चीत बसून पाय शेगडीजवळ नेले आणि डुलकी लागली. जाग आली तेव्हा निखारे राख झाले होते. काहीच दुखलं नाही. दोन दिवसांनी चादरीवर पिवळट डाग दिसला म्हणून त्यांनी पाय वळवून बघितलं. डाव्या अंगठ्याखाली तळव्याची कातडी भाजून सोलली होती.

त्या कितीतरी वेळ त्या जखमेकडे बघत बसल्या. शिकाऊ पोरींना त्या हेच सांगायच्या: साखरेच्या माणसाच्या पायाला कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं, रोज बघायचं. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी उकळलं, मीठ टाकलं, जखम धुतली, धुतलेल्या कापडाची पट्टी फाडून अशी बांधली की परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. दुसऱ्या दिवशीही बांधली. तिसऱ्या दिवशी उठायला उशीर झाला, नळ गेला होता. कालची पट्टी एक दिवस चालेल. चौथ्या दिवशी कोळसा संपला होता. पाचव्या दिवशी त्यांनी पट्टी सोडलीच नाही, कारण सोडली की दिसेल आणि दिसलं की काहीतरी करावं लागेल.

शेजारच्या घरात कासोंदेची आई राहायची. बाना कासोंदे. अंगणाच्या कुंपणाशी तेलाची कढई मांडून ती सकाळी पिठाचे गोळे तळून विकायची, आणि तळता तळता सगळ्या वस्तीवर नजर ठेवायची. तिला आधी माश्या दिसल्या. सिस्टरांच्या खिडकीच्या जाळीवर माश्या बसल्या होत्या, नुसत्या बसलेल्या नव्हे, आत जायला धडपडणाऱ्या.

“सिस्टर!” तिने कुंपणावरून हाक मारली. “काय शिजवताय? माझं गिऱ्हाईक पळवताय सगळं.”

पडदा हलला. “कोणतं गिऱ्हाईक?”

“या माश्या हो! माझ्या कढईवर बसत नाहीत, तुमच्याकडे रांग लावून आहेत. मला पण सांगा रेसिपी.”

“तुझ्या तेलाला घाबरून आल्या असतील.”

बाना कासोंदे हसली, पण हात थांबला. ती कुंपण ओलांडून खिडकीपाशी आली, आणि आलेल्या वासाने दोन पावलं मागे सरली. तिने सासऱ्याचा गँगरीनचा पाय बघितला होता. कढई उतरवली आणि तशीच पिठाच्या हातांनी दवाखान्याकडे चालू लागली.

दुपारी मुम्बी आली. मुम्बी आता दवाखान्याची प्रमुख नर्स होती, पण वीस वर्षांपूर्वी सिस्टरांच्या हाताखाली शिकायला आली तेव्हा रक्त बघून भिंतीला टेकून बसलेली. सिस्टरांनी दार फटीएवढं उघडलं.

“सिस्टर, पाय दाखवा.”

“बाना कासोंदेने चहाडी केली वाटतं.”

“केली. पाय दाखवा.”

“तुझ्याकडे रांग नाही का आज?”

“आहे. शंभर माणसं बसवून आले आहे. म्हणून म्हणते, लवकर दाखवा.”

मुम्बीच्या डोळ्यांखाली काळं होतं. सिस्टरांनी ते ओळखलं. हे काळं त्यांनी एकतीस वर्षं स्वतःच्या तोंडावर वागवलं होतं. त्यांनी दार उघडलं आणि खुर्चीत बसून पाय पुढे केला. मुम्बीने पट्टी सोडली नाही, कापली, कारण ती कातडीला चिकटली होती. अंगठा काळा पडला होता. घोट्यापर्यंत सूज होती, आणि घोट्याच्या वर एक लाल रेघ चढत होती.

“मोठ्या रुग्णालयात जायचं आज. आत्ता.”

“नाही.”

“सिस्टर, तुम्हाला माहीत आहे ही रेघ काय असते. तुम्हीच शिकवलंय.”

“माहीत आहे. तू सांग. सांगून बघ, आठवतंय का.”

“रक्तात पसरतंय. आज गेलात तर बोट जाईल. आठवड्याने गेलात तर पाय. नाही गेलात तर...”

“बरोबर सांगितलंस,” सिस्टर म्हणाल्या. “आता जा. शंभर माणसं बसली आहेत.”

“का पण? कशासाठी हे?”

सिस्टरांनी अंगावरचं चितेंगे घट्ट ओढून घेतलं. रुग्णालय म्हणजे कपडे बदलायला हवेत, कोणीतरी अंगावरचे काढायला हवेत, आणि त्या कपड्यांखाली आपलं काय झालंय ते त्या माणसाला दिसणार. एवढा खटाटोप कोणी करायचा? त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “मला झोप आली आहे, मुम्बी.”

मुम्बी रडकुंडीला आली, मग चिडली. “ठीक आहे. मग सही करा. शुद्धीवर असलेल्या बाईला मी उचलून नेऊ शकत नाही. उपचार नाकारले म्हणून सही करा.”

तिने पिशवीतून कागद काढला. सिस्टरांनी तो फॉर्म ओळखला. तो भरून घ्यायची वेळ त्यांच्यावर दोन-तीनदाच आली होती, आणि दर वेळी त्यांनी पेशंटला सहीपासून परावृत्त केलं होतं. त्यांनी चष्म्याशिवाय, अंदाजाने, ठळक अक्षरात सही केली. मुम्बीने जखम धुतली, नवी पट्टी बांधली, गोळ्यांच्या दोन पुड्या टेबलावर ठेवल्या, कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं. मग कागद पिशवीत घालून निघून गेली.

पुड्या तशाच राहिल्या. गोळ्या गिळायला पाणी लागायचं, पाणी बादलीत होतं आणि बादली मोरीत.

चौथ्या सकाळी बाना कासोंदेने गोळे तळून एका ताटलीत चार घातले आणि दार वाजवलं. उत्तर नाही. तिने नवऱ्याला बोलावलं, त्याने खांद्याने कडी उखडली. सिस्टर पलंग आणि खुर्ची यांच्या मधे जमिनीवर होत्या, अंग तापाने फणफणलेलं, तोंडाने कोणाला तरी “कळ दे, अजून कळ दे,” असं सांगत होत्या. अॅम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या गावी गेलेली. नवऱ्याने मित्राची टॅक्सी आणली. सिस्टरांना चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं तेव्हा बाना कासोंदेला त्यांचं वजन कळलं आणि ती मोठ्याने रडली. लाकडाची मोळी याहून जड असते.

रुग्णालयात डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग त्याच संध्याकाळी काढला.

शुद्धीवर आल्या तेव्हा वॉर्डात ऊन आलं होतं. पाय गेला हे त्यांना पांघरुणाच्या आकारावरून कळलं. त्यांना रडू आलं नाही. फक्त आता आणखी किती कामं वाढली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

वॉर्डात प्रत्येक खाटेजवळ घरचं माणूस असतं. जेवण भरवणं, अंग पुसणं, भांडं देणं त्याच माणसाने करायचं, नर्सना तेवढा वेळ नसतो. ऑलिव्ह शाळेची रजा मंजूर करून घेण्यात अडकली होती, बाना कासोंदे तीन लेकरं सोडून दिवसातून एकदाच येऊ शकायची. सिस्टरांच्या खाटेजवळचं स्टूल रिकामं होतं. दुसऱ्या सकाळी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून उठली. एम्पोंग्वेकडच्या गावातली रुंद खांद्यांची बाई. तिने सासूला पुसलं, कपडे बदलले, बादलीतलं पाणी ओतलं, नवं गरम पाणी आणलं आणि सिस्टरांच्या खाटेकडे वळली.

“तुमचं कोणी यायचंय?”

“यायचंय. परवा.”

“परवापर्यंत अशाच पडणार? हात वर करा.”

“नको, बाई. राहू दे. माझ्या अंगाला घाण वास येतो आहे.”

“येतोच आहे. म्हणून तर म्हणते, हात वर करा.”

सिस्टरांनी हात वर केला. त्या अनोळखी बाईने काखा, मान, पाठ, पोट पुसलं, मांड्यांमधे पुसलं, जसं भांडं पुसावं तसं, न घाबरता, न हळहळता. कमरेला झालेल्या दोन जखमा बघून ती म्हणाली, “हे बरेच दिवसांचं आहे,” आणि त्याभोवती हळू हात फिरवला. पाणी तीनदा बदललं. सिस्टरांनी हजारो बायांना असंच पुसलं होतं. आपल्याला पुसणारा हात कसा लागतो ते त्यांना लॅझरस गेल्यापासून माहीत नव्हतं. मधेच त्यांचा श्वास अडखळला आणि मग आवरेना. त्या ओठ दाबून रडल्या.

“दुखलं का?”

“नाही.”

“मग रडा. पाणी आहे बादलीत अजून.”

मुम्बी रविवारी आली, तिच्या सुट्टीच्या दिवशी. स्टुलावर बसली, संत्रं सोललं, फोडी केल्या. सिस्टर म्हणाल्या, “तू विचारलंस ना, का. सांगते. फेब्रुवारीत मी आले होते. बाकावर बसले होते. आणि मला...” त्यांनी चादर मुठीत धरली. “मी ओली झाले, मुम्बी. सगळ्यांसमोर. एवढंच. एवढ्यासाठी पाय गेला.”

मुम्बीच्या हातातली फोड तशीच राहिली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“मी खिडकीतून बघितलं तुम्हाला जाताना. दुसरं चितेंगे गुंडाळून. तो बाक मीच पुसला, सिस्टर. कोणाला पुसू दिला नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही आला नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटायचं, जावं. मग वाटायचं, मी गेले तर त्यांना कळेल की मला कळलंय. तुमची लाज राखावी म्हणून मी गेले नाही.” तिने संत्रं पांघरुणावर ठेवलं. “पाच महिने राखली.”

खालच्या रस्त्यावर कोणीतरी कोंबड्या विकत ओरडत होतं. मुम्बीवर ओरडावं असं सिस्टरांना वाटलं, आणि त्याच वेळी आपणही तिच्या जागी हेच केलं असतं, हेही त्यांना कळत होतं.

“संत्रं दे,” त्या म्हणाल्या. “अर्धंच. साखर आहे.”

ऑलिव्ह आली ती थेट रुग्णालयात, आणि दुसऱ्या दिवशी घर साफ करायला गेली. तिने आणि बाना कासोंदेने मिळून गादी जाळली, भांडी वाळूने घासली, पावाची बुरशी आलेली पाकिटं गोण्यांत भरली. टेबलावर मुम्बीच्या दोन पुड्या तशाच बांधलेल्या सापडल्या. संध्याकाळी ती खाटेजवळ येऊन उभी राहिली.

“घरात पाला निवडायची टोपली आहे, मायो. तिच्यात कोळ्याने जाळं केलंय. पाल्याची भाजी कुठे रांधत होतात तुम्ही?”

सिस्टरांनी मान वळवली.

“दर गुरुवारी सांगायचात. कूट, कापेंटा. मी फोन ठेवून वर्गात जायचे, बरं वाटायचं मला.” ऑलिव्हचा आवाज फाटला. “मला बरं वाटावं म्हणून सांगायचात?”

“नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मला बरं वाटावं म्हणून.”

डॉक्टरांनी घरी सोडताना विचारलं, सोबत कोण आहे? ऑलिव्ह म्हणाली, सोल्वेझीला नेते. सिस्टर म्हणाल्या, मी माझ्या घरी जाणार. दोघींचं दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी ऑलिव्ह थकली. तिने महिनाभराची बिनपगारी रजा काढली. त्या महिन्यात सिस्टर रोज नाहल्या, रोज जेवल्या, कुबड्यांवर अंगणात चालायला शिकल्या. मुम्बीने सांगून ठेवलं होतं की दवाखान्यात मागच्या दाराने यायचं, सकाळी सातला, रांगेच्या आधी, आणि कर्मचाऱ्यांच्या संडासाची किल्ली मागून घ्यायची. एका मंगळवारी ऑलिव्हबरोबर त्या गेल्याही. ऑगस्टअखेर ऑलिव्ह शाळेत परतली.

सप्टेंबर बरा गेला. बाना कासोंदे दुपारी ताटली आणून द्यायची आणि समोर उभी राहून रिकामी होईपर्यंत गप्पा मारायची. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्याला मलेरिया झाला, ती दहा दिवस त्याच्यापाशीच अडकली. त्याच दहा दिवसांत सिस्टरांचं सगळं हळूहळू सुटलं. कुबड्या काखेत रुतायच्या, म्हणून नळ राहिला. नळ राहिला म्हणून अंघोळ राहिली. कापलेल्या पायाच्या खुंटाची टाके घातलेली जागा घामाने ओली राहून उलली. मंगळवारी मागच्या दाराशी मुम्बीने सव्वाआठपर्यंत वाट पाहिली. यावेळी मात्र ती संध्याकाळी घरी आली, दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता आत शिरली.

“मी ठरवलं होतं करीन म्हणून,” सिस्टर म्हणाल्या. त्या अंथरुणात होत्या. “खरंच ठरवलं होतं. रोज ठरवते. उठायची वेळ आली की अंगात कोणी नसल्यासारखं होतं.”

“मला माहीत आहे.”

“मी आळशी नव्हते गं.”

“नव्हतात. तुम्ही आम्हाला बसू द्यायच्या नाहीत.” मुम्बीने खुंट उजेडात धरून बघितलं. “पुन्हा रुग्णालय. सहीचा कागद मी आणलेला नाही.”

या खेपेला अकरा दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ऑलिव्हचा फोन आला आणि तिने काही विचारायच्या आधी सिस्टर म्हणाल्या, “ऑलिव्ह, मला घेऊन जा.”

“सोल्वेझीला?”

“तुला जिथे न्यायचं तिथे. मला एकटीने हे जमत नाही. जमेल असं वाटलं होतं, नाही जमत.”

हे म्हणून झाल्यावर त्यांना हरल्यासारखं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त फार थकवा आला, आणि त्या दुपारी त्या चार तास झोपल्या.

डिसेंबरात निघायच्या दिवशी बाना कासोंदेने तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची पिशवी आणली. “यात साखर नाही, शपथ! मुम्बीने पिठात नाक खुपसून बघितलंय.” मग ती कुंपणाला टेकून म्हणाली, “आता मी नजर कोणावर ठेवू?”

“तुझ्या नवऱ्यावर ठेव. त्याचा पाय पण बघ रोज.”

मुम्बीने सोल्वेझीच्या दवाखान्यासाठी पत्र दिलं होतं, दोन पानांचं. ऑलिव्हने गाडीत ते उघडून वाचलं आणि एका ओळीशी थांबली. सिस्टरांनी विचारलं, काय लिहिलंय? ऑलिव्हने वाचून दाखवलं: रुग्ण बरी आहे असं म्हणेल, विश्वास ठेवू नये, बघून खात्री करावी.

“आगाऊ आहे पोर,” सिस्टर म्हणाल्या.

सोल्वेझीला ऑलिव्हचं दोन खोल्यांचं घर शाळेमागे होतं. पहिल्या सकाळी तिने न्हाणीत लाकडी पाट ठेवला, आईला त्यावर बसवलं, आणि मग तिला काय करावं सुचेना. आईला नागडं तिने कधी बघितलं नव्हतं. सिस्टरांनीही मान खाली घातली होती. गरम पाण्याची वाफ दोघींच्या मधून वर जात राहिली.

“आधी पाठ,” सिस्टर म्हणाल्या. “तिकडून सुरू कर. पाठीला लाज नसते.”

ऑलिव्हने पाठीवर पाणी ओतलं.